खुशमस्करा: हसवणारा माणूस तोंडपुज्या कसा झाला?

  बसमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी आणि ऐकण्यापेक्षा वाचणं आवडणाऱ्यांसाठी हे आजच्या भागाचं लेखी रूप. बोलण्यातला सूर बराचसा तसाच ठेवलाय, फक्त मधले "म्हणजे", "ॲक्च्युअली" थोडे छाटलेत.

आजचा शब्द आहे खुशमस्करा. कोणत्याही राजकीय बातमीखालच्या कमेंट्स उघडा, हा शब्द सापडतोच. नेता कुठलाही असो, पक्ष कुठलाही असो, त्याच्या मागेपुढे फिरणाऱ्यांना समोरची बाजू "खुशमस्करे" म्हणते. ऑफिसातही हा शब्द चालतो. बॉसने जोक मारला की जोक संपायच्या आधीच हसणारा एक जण प्रत्येक टीममध्ये असतो. तो डोळ्यासमोर आला ना? तोच.

आता गंमत बघा. लाळघोट्या म्हटलं की किळस येते. हुजऱ्या म्हटलं की तुच्छता वाटते. पण खुशमस्करा म्हटलं की थोडं हसू येतं. या शब्दात चेष्टा आहे, खेळकरपणा आहे. तो कुठून आला? आणि तो येताना सोबत काय घेऊन आला, आणि वाटेत काय सांडून आला? आजचा भाग त्यावर आहे.

आधी शब्द उघडून बघू

मी इंजिनियर आहे, त्यामुळे काही समजलं नाही की पहिलं काम म्हणजे ते उघडून त्याचे भाग वेगळे करणं. इथे दोनच भाग आहेत: खुश आणि मस्करा.

"खुश" फारसीतून आला. अर्थ चांगलं, सुखद, आनंदी. खुशी, खुशाल, खुशबू ही सगळी त्याचीच भावंडं. "मस्करा" मुळात अरबी आहे, मस्खरा. अरबीत स-ख-र हे तीन व्यंजनांचं मूळ थट्टा करण्याशी जोडलेलं आहे. ज्याची थट्टा होते किंवा जो थट्टा करून लोकांना हसवतो, तो मस्खरा. अरबीतून हा शब्द फारसीत गेला, तिथून हिंदुस्थानात आला. हिंदीत मसखरा झाला, आपल्याकडे मस्करा, आणि त्याच्या कामाचं नाव मस्करी. तुर्कस्तानात तो मस्कारा झाला. युरोपातला "मास्क" म्हणजे मुखवटा आणि पापण्यांना लावायचा "मस्कारा" हेही याच अरबी शब्दाचे नातेवाईक असावेत असं एक मत आहे. काही अभ्यासक मात्र त्याचं मूळ जुन्या लॅटिनमध्ये शोधतात, तो वाद अजून मिटलेला नाही.

इथे तीन तोतये ओळखून ठेवा, कारण सारखे दिसणारे शब्द नातेवाईक असतातच असं नाही.

पहिला तोतया "मस्का". मस्का मारणे आणि मस्करी करणे हे शेजारी वाटतात. पण इराण्याच्या हॉटेलातल्या बन मस्क्यातला मस्का वेगळा, फारसीत मस्का म्हणजे लोणी. "लोणी लावणे" आणि "मस्का मारणे" हे जुळे भाऊ. मस्कऱ्याशी त्यांचा रक्ताचा संबंध नाही.

दुसरा "खुष्की". इतिहासाच्या पुस्तकात "खुष्कीचा मार्ग" असतो, तो खुशीचा मार्ग नव्हे. फारसी खुश्क म्हणजे कोरडं. कोरडा मार्ग, म्हणून जमिनीवरचा मार्ग.

तिसरा सगळ्यात भारी. संस्कृतातही "मस्करी" आहे! पाणिनीच्या व्याकरणात "मस्कर" म्हणजे वेळू आणि "मस्करिन्" म्हणजे परिव्राजक, भटका संन्यासी. बुद्धाच्या काळातल्या आजीविक पंथाचे मक्खली गोशाल यांचं नाव संस्कृतात मस्करी असं येतं. तेव्हा कुणी तुम्हाला "मस्करी शब्द शुद्ध संस्कृत आहे" असं सांगितलं, तर शब्द खरा आहे, पण माणूस वेगळा आहे. एकाच नावाची दोन व्हेरिएबल्स, वेगवेगळ्या फाइलींमधली.

शब्दात नसलेली गोष्ट

आता दोन्ही भाग परत जोडा. आनंद अधिक हसवणारा. यात खोटी स्तुती कुठे आहे? हांजी हांजी कुठे आहे? कुठेच नाही. शब्दाच्या पोटात तोंडपुजेपणा मुळात नाहीच. तो नंतर वापरातून शिरला.

शेजारचा "खुशामत" पण बघा. फारसीत खुश आमद म्हणजे "आलं ते छान झालं". आजही इराणी माणूस पाहुण्याचं स्वागत "खोश आमदीद" म्हणून करतो. दारात उभं राहून "या, या, बरं वाटलं" म्हणणं. इतका साधा, प्रेमाचा शब्द आपल्याकडे येईपर्यंत खोटी स्तुती झाला. स्वागत खुशामत झालं आणि विनोद खुशमस्करी झाला. ही वाट फक्त आपल्याकडचीच नाही. इंग्रजीतला सिकोफंट आज लाळघोट्या आहे, पण प्राचीन अथेन्समध्ये तो शब्द खोट्यानाट्या फिर्यादी करणाऱ्या चुगलखोराला वापरत.

म्हणजे शब्द घसरतात. पण मस्कऱ्याचा शब्द घसरला तेव्हा त्याच्याबरोबर त्याचं कामही घसरलं, आणि ते काम फार महत्त्वाचं होतं.

मस्कऱ्याचं खरं काम

दरबारात हसवणारा माणूस कशासाठी ठेवायचे? टाइमपास? तेवढंच असतं तर गाणं होतं, नाच होता, शिकार होती. हसवणाऱ्याला एक सवलत असायची: जे प्रधान बोलू शकत नाही, ते तो बोलू शकायचा. विनोदात गुंडाळलेलं सत्य राजाला गिळता यायचं.

अकबर-बिरबलाच्या गोष्टी आठवा. त्यातल्या बहुतेक लोकांनी नंतर रचलेल्या. खरा बिरबल १५८६ साली युसुफझाई मोहिमेत मारला गेला. पण लोकांनी रचलेल्या गोष्टींत दर वेळी काय होतं? बादशहा काहीतरी चुकीचं ठरवतो आणि बिरबल त्याला हसवत हसवत परत रस्त्यावर आणतो. हसवणाऱ्याकडून लोकांना नेमकं काय हवं होतं, ते या गोष्टींवरून कळतं.

आपल्याकडे याहून जुना नमुना संस्कृत नाटकातला विदूषक. राजाचा मित्र, खादाड, वेडाबागडा दिसणारा. त्याच्यासाठी "नर्मसचिव" असाही शब्द आहे. नर्म म्हणजे थट्टा, म्हणजे थट्टेचा सचिव. चक्क खातंच!

कालिदासाच्या शाकुंतलात हा विदूषक माधव्य आहे. शिकारीपायी आपले हाल होतात, हे तो राजा दुष्यंताला ऐकवतो. दुष्यंत शकुंतलेच्या प्रेमात पडतो, ते माधव्याला सांगतो, आणि मग त्याला राजधानीत परत पाठवताना म्हणतो की ते सगळं मी थट्टेत बोललो, मनावर घेऊ नकोस. माधव्य ते खरं मानतो. पुढे शकुंतला दरबारात येते, शापामुळे राजा तिला ओळखत नाही, तेव्हा माधव्य तिथे नसतो. दुसऱ्याच कामावर पाठवलेला असतो. राजाला आठवण करून देऊ शकणारा एकमेव माणूस, नेमका त्याच क्षणी गैरहजर. मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. थट्टा करणाऱ्याला थट्टेनेच बाजूला केलं, आणि पुढचा अनर्थ अडवायला कुणी उरलं नाही.

आता चला शनिवार पेठेत

मी राहते शनिवार पेठेत. ओंकारेश्वराकडून शनिवारवाड्याकडे चालत जाणं हा माझा रोजचा व्यायाम. हा शब्द समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही, कारण इथे भाषा आणि सत्ता एकाच गल्लीत राहत होत्या.

पेठेच्या नावापासूनच सुरुवात करा. शनिवार पेठेचं जुनं नाव मुर्तजाबाद. नाव बदललं, वार आला. भाषेची अशी साफसफाई शिवाजी महाराजांच्या काळात मोठ्या प्रमाणावर सुरू झाली होती. त्यांच्या आज्ञेवरून १६७७ च्या सुमारास रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश तयार केला. कारभारातल्या चौदाशेच्या आसपास फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, सरनोबताचा सेनापती. एका अभ्यासानुसार १६३० च्या सुमारास कागदपत्रांतलं फारसी शब्दांचं प्रमाण ८६ टक्के होतं, ते १६७७ पर्यंत ३७ टक्क्यांवर आलं.

पण कोश कचेरीचा होता. कचेरीतले शब्द आदेशाने बदलतात, कट्ट्यावरचे बदलत नाहीत. मस्करी, खुशामत, मुजरा, हुजूर हे तोंडात बसलेले शब्द राहिले ते राहिलेच. आणि राज्याच्या सगळ्यात मोठ्या कारभाऱ्याला लोक कोणत्या नावाने ओळखत राहिले? पेशवा. फारसी शब्द, अर्थ पुढे असणारा. फडणवीस, चिटणीस, पारसनीस ही आडनावं आजही इथल्या पाट्यांवर आहेत. त्यातलं "नीस" किंवा "नवीस" म्हणजे फारसीत लिहिणारा.

थोरल्या बाजीरावांनी शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला झाली. पुढची ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं उत्तर हिंदुस्थानपर्यंतचे निर्णय इथून जायचे. असा वाडा म्हटला की भोवती माणसं आलीच. पेशव्यांच्या खासगीत सेवा करणारे ते हुजरे. हुजूर म्हणजे समक्ष, समोरची उपस्थिती. जो सतत धन्याच्या समोर हजर, तो हुजऱ्या. लक्ष्मी रोडवरच्या हुजूरपागेच्या नावातही हाच हुजूर आहे: पेशव्यांची खास घोड्यांची पागा. घोडे गेले, तिथे मुलींची शाळा आली, नावाला मान राहिला. हुजऱ्या मात्र शिवी झाला.

एक फरक इथे नीट समजून घ्या. त्या काळची पत्रं बघितली तर आपल्याला वाटतं, काय ही खुशामत! सुरुवातीलाच "राजमान्य राजश्री" वगैरे लांबलचक मायना. पण मायना खुशामत नाही. तो शिष्टाचार आहे. कुणाला कोणता मायना लिहायचा हे ठरलेलं असायचं, आणि कडक शब्दांत खरडपट्टी काढणाऱ्या पत्रालाही मायना असायचाच. आपल्या भाषेत सांगायचं तर तो एचटीटीपी हेडर आहे, खरा मजकूर त्याच्या खाली. आजोबांच्या जुन्या पत्रांवर किंवा लग्नपत्रिकांवर "रा. रा." दिसतं ना, तोच हा राजमान्य राजश्री. खुशामत तिथे सुरू होते, जिथे मजकूरही हेडरसारखाच गोड होतो.

आणि मजकूर कडू ठेवणारी माणसंही याच शहरात होती. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. "ध चा मा" ची दंतकथा सगळ्यांना माहीत आहे, एका अक्षरावर माणसाचा जीव गेला अशी. त्यानंतर रघुनाथराव सत्तेवर आले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांना तोंडावर सांगितलं की या पापाला देहान्त हेच प्रायश्चित्त. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात हे नोंदवलंय. नंतर रामशास्त्री पुणं सोडून वाईजवळच्या गावी निघून गेले. विचार करा, त्या दिवशी "श्रीमंत, झालं गेलं विसरा" म्हणणारे किती जण असतील. त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत.

दुसरा बाजीराव आणि एक गुंता

खुशमस्करे म्हटलं की मराठी डोक्यात चित्र येतं ते दुसऱ्या बाजीरावाच्या दरबाराचं. कमकुवत पेशवा, भोवती तोंडपुजे, आणि १८१८ साली बुडालेलं राज्य. या चित्रातलं मुख्य पात्र म्हणजे त्रिंबकजी डेंगळे. जासूद म्हणून आलेला माणूस, पेशव्याची मर्जी मिळवून कारभारी झाला. १८१५ साली पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला, तेव्हा इंग्रजांनी त्रिंबकजीवर बोट ठेवलं आणि त्याला ताब्यात घेतलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. १८१६ साली त्रिंबकजी ठाण्याच्या किल्ल्यातून निसटला. इंग्रजांविरुद्ध माणसं जमवली. पुन्हा पकडला गेला आणि चुनारच्या किल्ल्यात कैदेतच मेला. पोटभरू तोंडपुज्या इतकं करतो? तो साधू होता असं मी म्हणत नाहीये. पण त्याचं आपल्याला माहीत असलेलं चित्र बरंचसं एल्फिन्स्टन आणि ग्रँट डफ यांच्या लेखणीतून आलंय. त्यांनी पेशवाई बुडवली होती, आणि "राजा नालायक, भोवती खुशमस्करे" ही गोष्ट त्यांच्या सोयीची होती. तेव्हा कुणी कुणाला हा शब्द लावतोय, हेही बघायला हवं. चिकटवायला हा फार सोपा शब्द आहे.

त्याच काळात मस्करीची दुसरी वाटही जिवंत होती. संगमनेरचा शाहीर अनंत फंदी घ्या. शाहिराचं पोट दरबाराच्या बिदागीवर, त्यामुळे पोवाड्यात पराक्रमाचं कौतुक असणारच. पण फंदी मराठीत लक्षात राहिला तो फटक्यांमुळे. फटका म्हणजे ऐकणाऱ्याला थेट चार शब्द सुनावणारी रचना. एकाच माणसाच्या तोंडात गौरवही आणि चपराकही. खुश पण आणि मस्करा पण. दोन्ही भाग शाबूत असलेला कलावंत.

बाकीची मंडळी

मराठीत तोंडपुज्यांसाठी शब्दांची काही कमी नाही, आणि प्रत्येकात एक चित्र आहे. लांगूलचालन म्हणजे शेपूट हलवणं. गोंडा घोळणे म्हणजेही तेच, फक्त देशी. होयबा म्हणजे "होय बा, होय बा" म्हणत मान डोलावणारा. तोंडपुजा म्हणजे देवाची नाही, समोरच्या तोंडाची पूजा.

आणि चमचा. याचा एक धागा थेट पुण्यात येतो. बहुजन चळवळीचे नेते कांशीराम आधी पुण्यातल्या स्फोटकांच्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होते. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला. त्याला ५० वर्षं झाली तेव्हा, १९८२ साली, त्यांनी "चमचा युग" या विषयावर पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: चमचा स्वतःहून हलत नाही, कुणाचा तरी हात त्याला हलवतो. चमच्यावर हसून झालं की त्या हाताकडेही बघा.

मला वाटतं हाच प्रश्न खुशमस्कऱ्यालाही विचारायला हवा. शब्दात "खुश" आहे. पण खूश कोण होतंय? हसवणारा तर नाही. खूश होतोय वरचा माणूस. शिवी मात्र खालच्याला. खूश होण्याची सवय लागलेल्या माणसासाठी आपल्या भाषेत असा नेमका, बोचरा एकही शब्द मला आठवत नाही. तुम्हाला आठवला तर सांगा.

आता आपल्या फोनमध्ये

हे सगळं जुनं वाटत असेल तर एप्रिल २०२५ ची गोष्ट ऐका. ओपनएआयने चॅटजीपीटीमधल्या जीपीटी-४ओ या मॉडेलचं अपडेट आणलं आणि ते भयंकर गोडबोलं झालं. काहीही विचारा, "वा, काय अप्रतिम कल्पना!" लोकांनी त्याचे स्क्रीनशॉट टाकले, आणि काही दिवसांतच कंपनीने ते अपडेट मागे घेतलं. या दोषाला आमच्या क्षेत्रात नावच आहे, सिकोफन्सी. मराठीत मी त्याला बिनधास्त खुशमस्करी म्हणते.

ते कसं घडतं? मॉडेलला शिकवताना माणसांच्या पसंतीचा वापर होतो. उत्तर आवडलं की अंगठा वर, नाही आवडलं की अंगठा खाली. आता आपल्याला कोणतं उत्तर आवडतं? आपल्याला बरोबर ठरवणारं. कंपनीने स्वतःच सांगितलं की अशा तात्पुरत्या प्रतिसादाला जास्त वजन दिलं गेलं. म्हणजे यंत्राला कुणी "खुशामत कर" असं सांगितलं नव्हतं. आपण खूश झालो की बक्षीस देत गेलो, आणि यंत्र शिकत गेलं. प्रत्येक दरबार असाच तयार होतो. कुणी जाहिरात देऊन खुशमस्करे भरती करत नाही. जो खरं बोलला त्याला एकदा डावललं, जो गोड बोलला त्याला एकदा बढती दिली, बाकीचे आपोआप शिकतात.

कोड रिव्ह्यूमध्ये हे रोज दिसतं. सीनियरने कोड टाकला की दोन मिनिटांत तीन जणांचं "मस्त, पास करा". त्यात एखादी ज्युनिअर हसत विचारते, "सर, ही लिस्ट रिकामी आली तर आपण सगळे घरी जायचं का?" सगळे हसतात, सरही हसतात, आणि बग सापडतो. ही जुन्या अर्थाची मस्करी. अशी मुलगी टीममध्ये असेल तर तिला जपा. आणि तुम्ही सीनियर असाल तर हसून झाल्यावर तिचं म्हणणं दुरुस्तीच्या यादीत टाका, कारण तिला पुढच्या वेळी बोलावंसं वाटणं त्यावर ठरतं.

शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळला. आतली दालनं गेली, तट आणि दरवाजे राहिले. खुशमस्करा या शब्दाचंही थोडं तसंच झालंय. बाहेरून शब्द तसाच आहे, ऐकताना हसूही येतं, पण आतला खरं बोलणारा मस्करा गेलाय. तो परत आणणं कोशकारांच्या हातात नाही. ज्याच्यासमोर मस्करी होते, त्याच्या हातात आहे.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात, तुमच्या बोलीत अशा गोडबोल्या माणसाला काय म्हणतात? खानदेश, कोकण, विदर्भ, बेळगाव, गोवा, सगळीकडचे शब्द हवेत. कमेंटमध्ये लिहा. आणि भाग आवडला नसेल तर तेही लिहा. नुसतं "लय भारी" नको, कारण मग आजचा सगळा भाग वाया गेला असं होईल!

भेटू पुढच्या शब्दासोबत.